पाळीत पोट दुखतंय, गोळी कोणती घेऊ?

“ती गोळी द्या ना.”

मुलगी एवढंच म्हणते. कसली, ते सांगत नाही, कारण काउंटरला आणखी दोघं-तिघं पुरुष टेकून उभे असतात. आतला मुलगा समजून घेतो, ड्रॉवर ओढतो, दहाच्या पट्टीतून कात्रीनं दोन गोळ्या कापतो आणि खाकी पाकिटात सारतो. अर्ध्या मिनिटात व्यवहार संपतो. त्या दोन गोळ्यांच्या पाठीवर चंदेरी कागद असतो, त्यावर नावाची अर्धीमुर्धी अक्षरं आलेली असतात. किती मिलिग्रॅमची ते कापलं गेलेलं. मुदत कधी संपते हे ज्या टोकाला छापलेलं असतं, ते टोक दुकानातच राहिलेलं.

मी फार्मसिस्ट आहे. सोलापुरात अकरा वर्षं अशाच एका काउंटरच्या आतल्या बाजूला उभी असते. “ही गोळी लागू पडत नाही, दुसरी द्या” म्हणत ज्या येतात, त्यांतल्या बऱ्याच जणींची गोळी बरोबरच असते. चुकलेली असते ती वेळ किंवा मात्रा, नाहीतर पोटात अन्नाचा कण नसताना ती गिळलेली असते. म्हणून गोळ्यांची नावं जरा थांबून सांगते.

आधी दुखणं ओळखा

साध्या पाळीच्या दुखण्याचा एक ठरलेला चेहरा असतो. अंगावरून जायला लागलं की, किंवा त्याच्या काही तास आधी, ओटीपोटात कळा सुरू होतात. कंबर धरते, मांड्या भरून येतात. काहींना मळमळतं, दोन-तीनदा पातळ शौचाला होतं, डोकं जड होतं. पहिला दिवस वाईट, दुसरा त्याहून बरा, आणि ७२ तासांच्या आत सगळं निवतं. पहिली पाळी आल्यावर साधारण सहा महिने ते वर्षा-दोन वर्षांत हे दुखणं लागतं, वय वाढलं की किंवा बाळंतपणानंतर पुष्कळ जणींचं कमी होतं. घरच्या घरी, मेडिकलमधल्या गोळीवर भागवायचं ते एवढंच.

याच्यापेक्षा वेगळं काही असेल तर गोळीची निवड हा प्रश्नच पुढचा. तिशी-पस्तिशीपर्यंत कधी दुखलं नव्हतं आणि आता दुखायला लागलंय. पाळीच्या आठवडाभर आधीपासून दुखतं आणि संपल्यावरही राहतं. संबंधाच्या वेळी दुखतं, पाळीत शौचाला बसताना आत कळ जाते. दर महिन्याला दुखणं आधीच्यापेक्षा चढतंच आहे. अशा दुखण्यामागे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं), गर्भाशयाच्या गाठी, आतला जंतुसंसर्ग असं काहीतरी असू शकतं. तांबी बसवल्यावर पहिले काही महिने पाळी जड जाते, तेही बसवणाऱ्या डॉक्टरांना सांगून ठेवावं.

एक गोष्ट मात्र आजच्या आज बघायची. पाळी आठ-दहा दिवस पुढे गेली, मग थोडंसंच अंगावरून गेलं, आणि ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतंय, तर ती पाळी नसू शकते. गर्भ नळीत राहिला असेल तर असंच होतं आणि त्यात जीव जाऊ शकतो. अशा वेळी वेदनाशामकानं दुखणं दाबायचं नाही, गरोदरपणाची लघवीची चाचणी करायची आणि लगेच दवाखाना गाठायचा.

गोळी आत जाऊन करते काय

गर्भाशयाचं अस्तर सुटायला लागतं तेव्हा त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. ती गर्भाशयाच्या स्नायूला आवळायला लावतात. स्नायू आवळला की त्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त कमी पोचतं आणि कळ येते. ज्यांच्या अस्तरात ही रसायनं जास्त, त्यांना दुखणं जास्त. हीच रसायनं आतड्यालाही हलवतात, म्हणून पाळीत पोट बिघडतं. “काल काय खाल्लंस?” असं आई विचारते, पण खाण्याचा त्यात काही दोष नसतो.

ॲस्पिरिनसारखी औषधं ही रसायनं तयार होणंच थांबवतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक ही सगळी त्याच कुळातली. म्हणजे ही औषधं दुखणं नुसतं बधिर करत नाहीत, कळ जिथून निघते तिथेच हात घालतात.

पण आधीच तयार होऊन बसलेल्या रसायनांना ती पुसून टाकू शकत नाहीत. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे हे इथल्या बायकांना समजावून सांगावं लागत नाही. हौद भरून अंगणभर पाणी झाल्यावर चावी बंद केली तर नवीन पाणी थांबतं, पण साचलेलं ओसरायला वेळ लागतोच. गोळीचं तसंच. “सहन होईल तेवढं सहन करते आणि मगच घेते,” असं अभिमानानं सांगणाऱ्या मावश्यांची गोळी नेमकी इथे मार खाते.

घेण्याआधी स्वतःला विचारायचे प्रश्न

प्रोस्टाग्लँडिन काही फक्त त्रास द्यायला नसतात. जठराच्या आतल्या अस्तराचं आम्लापासून रक्षण तीच करतात, आणि अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाकडे रक्त वाहतं ठेवायलाही तीच लागतात. गोळी त्यांना सगळीकडेच थोपवते. यावरून कुणी घेऊ नये ते आपोआप कळतं.

पोटात अल्सर आहे किंवा पूर्वी होता, शौचातून काळं किंवा लाल गेलं होतं, तर या कुळातली गोळी स्वतःहून घ्यायची नाही. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, मेथोट्रेक्सेट किंवा लिथियम चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. नैराश्यासाठी दिलेल्या काही गोळ्यांबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून त्या चालू असतील तर तेही सांगा. गरोदर असाल, किंवा तशी शंका असेल, तरी नको.

दमा असेल तर थांबून आठवा: आधी कधी ॲस्पिरिन, ब्रुफेन (म्हणजे आयब्युप्रोफेनच) घेतल्यावर छाती भरली होती का? काही दमेकऱ्यांना या कुळातल्या औषधांनी झटका येतो. यंत्रमागाच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायकांना मी हे मुद्दाम विचारते, कारण कापसाच्या धुळीनं खोकला आणि धाप त्यांच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की “दमा आहे का?” म्हटलं की “नाही” येतं आणि “पंप घेता का?” म्हटलं की “हो” येतं.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४३-४४ ला टेकतो. दिवसभर उन्हात फिरून लघवी गर्द पिवळी झालीय, वर जुलाब-उलट्या चालू आहेत, अशा वेळी आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिकवर गोळीमागून गोळी घेणं मूत्रपिंडाला महागात पडू शकतं. आधी पाणी, ताक, ओआरएस. आणि पावसाळ्यात पाळीबरोबर सणसणून ताप असेल तर तो डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात आणि ही औषधं रक्तस्राव वाढवू शकतात.

पट्टी वाचायला शिका

दुकानात पूर्ण पट्टी मागा. दोनच हव्या असतील तर निदान नाव, मिलिग्रॅम आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा मागा, नाहीतर पट्टी पालथी करून मोबाईलवर फोटो काढून घ्या. यात लाजायचं काही नाही आणि दुकानदारानंही रागवायचं काही नाही.

पट्टीवर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीनं ठेवलेलं नाव. त्याच्या खाली बारीक अक्षरात असतं ते औषध. तुम्हाला हवं ते बारीक अक्षरातलं. मेफ्टाल-स्पास म्हणजे मेफेनॅमिक ॲसिड २५० मिलिग्रॅम आणि डायसायक्लोमिन १० मिलिग्रॅम. कॉम्बिफ्लाम म्हणजे आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. सायक्लोपाममध्ये डायसायक्लोमिन आणि पॅरासिटामॉल असतं, म्हणजे प्रोस्टाग्लँडिन थोपवणारं त्या कुळातलं औषध त्यात नाहीच. तिन्ही गोळ्या काउंटरवर “पोटदुखीची” या एकाच नावानं विकल्या जातात.

हे न वाचल्याचा माझाच किस्सा सांगते. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला परीक्षेच्या दिवशी पाळी आली. सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेतली. तासाभरात फरक पडला नाही म्हणून मैत्रिणीनं पर्समधली तिची दिली, वेगळ्या नावाची, वेगळ्या रंगाची. पेपरला बसले तर तोंडाला कोरड पडली आणि प्रश्नपत्रिकेच्या ओळी एकमेकींत मिसळायला लागल्या. हॉलच्या बाहेर जाऊन उलटी केली. संध्याकाळी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या तेव्हा दिसलं: आतलं औषध दोन्हींत तंतोतंत तेच. नजर धूसर झाली ती डायसायक्लोमिन दुप्पट गेल्यामुळे. औषधशास्त्राच्या वहीत मी ते सगळं स्वतःच्या हातानं लिहिलेलं होतं.

पट्टीवर कोपऱ्यात ‘आरएक्स’ असं छापलेलं दिसलं तर ते चिठ्ठीवर द्यायचं औषध असतं. मेफेनॅमिक ॲसिड त्यांतलंच, पण आपल्याकडे ते बडीशेपेसारखं वाटलं जातं. एकदा तरी डॉक्टरांना दाखवून, आपल्याला चालतं का आणि किती चालतं हे लिहून घ्या. ती चिठ्ठी पुढे वर्षभर उपयोगी पडते.

आता निवड

कॉक्रेन नावाची संस्था औषधांच्या चाचण्या एकत्र करून तपासते. पाळीच्या दुखण्यावरच्या ८० चाचण्यांचा तिचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये निघाला. बिनऔषधाच्या गोळीवर १०० पैकी १८ जणींना चांगला आराम पडत असेल, तर या कुळातल्या औषधांवर तो ४५ ते ५३ जणींना पडतो, असा त्याचा हिशेब. त्या कुळात अमुकच औषध बाकीच्यांपेक्षा सरस, असं मात्र ठामपणे काही निघालं नाही. म्हणजे मैत्रिणीला जे लागू पडलं ते तुम्हाला पडेलच असं नाही, आणि महाग गोळी जास्त चालते असंही नाही. जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळीही तेच औषध असते.

कसलाच आजार नसलेल्या मोठ्या बाईनं कुठून सुरुवात करावी, असं मला विचाराल तर मी आयब्युप्रोफेन ४०० म्हणेन. एका वेळी एक, दोन गोळ्यांत सहा ते आठ तासांचं अंतर, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या वर नाही, म्हणजे तीन गोळ्या. अर्ध्या-पाऊण तासात काम सुरू होतं. शाळकरी मुलींसाठी वजन बघून २०० ते ४०० लागते, ती मात्रा एकदा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. ॲस्पिरिन १६ वर्षांखालच्या मुलींना द्यायचंच नाही.

मेफेनॅमिक ॲसिड आपल्याकडे सर्वांत लाडकं. चालतंही चांगलं, आणि पाळी जड जात असेल तर रक्तस्रावही काहीसा कमी करतं. पहिली मात्रा ५०० मिलिग्रॅम आणि मग दर सहा तासांनी २५०, असा त्याचा एक ठरलेला क्रम आहे. काही डॉक्टर ५०० च्या गोळ्या दिवसातून तीनदा लिहितात. इथे गोम कळते: २५० ची एकच गोळी सकाळी घेऊन “चालत नाही” म्हणणारीनं पुरेशी मात्रा घेतलेलीच नसते. पण म्हणून ‘स्पास’वाल्या दोन गोळ्या एकदम घेतल्या तर डायसायक्लोमिनही दुप्पट जातं. मात्रा वाढवायची तर नुसत्या मेफेनॅमिकची, तीही डॉक्टरांना विचारून.

३० नोव्हेंबर २०२३ ला इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सावधगिरीची सूचना काढली, तेव्हा आठवडाभर दुकानात फोन वाजत होता. औषधावर बंदी आली, असं बऱ्याच जणींना वाटलं. बंदी आलेली नव्हती. ड्रेस सिंड्रोम नावाची एक विरळ पण गंभीर ॲलर्जी यानं होऊ शकते, तिकडे डॉक्टरांनी आणि रुग्णांनी लक्ष ठेवावं, एवढं त्यात म्हटलं होतं. ही ॲलर्जी लगेच उठत नाही, साधारण दोन ते आठ आठवड्यांनी दिसते. अंगावर पुरळ, ताप, चेहऱ्यावर सूज, काखेत-मानेत गाठी. पुरळ आलं की लोक नवीन साबणाला दोष देतात, महिन्याभरापूर्वीची गोळी कुणाला आठवत नाही. असं काही झालं तर ते औषध पुन्हा घ्यायचं नाही आणि डॉक्टरांना त्याचं नाव सांगायचं.

नॅप्रोक्सेन जास्त वेळ टिकतं. रात्री कळांनी झोपमोड होते त्यांना ते बरं पडतं. पहिली मात्रा ५०० आणि नंतर सहा ते आठ तासांनी २५०.

डायसायक्लोमिन, ड्रोटाव्हेरिन, हायोसिन ही आखडलेला स्नायू सैल करणारी औषधं. डायसायक्लोमिनचा जोर मुख्यतः आतड्याच्या स्नायूवर. पाळीत पोट मुरडून येतं आणि शौचाला होतं तेव्हा त्यानं बरं वाटतं. नुसत्या गर्भाशयाच्या कळांसाठी मी ते पहिल्यांदा सुचवत नाही. त्यानं गुंगी येते, तोंड कोरडं पडतं, हे लक्षात ठेवून गाडी चालवायची असेल तर जपून. काचबिंदू असलेल्यांनी घेऊ नये.

पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५०. जठराला सौम्य, दमा-अल्सरवाल्यांना साधारणपणे चालणारं, पण कळांवर वरच्या औषधांपेक्षा कमी पडणारं. चार ते सहा तासांनी एक, दिवसाला ३ ग्रॅमच्या आत राहिलेलं बरं. यकृताचा आजार असेल तर विचारून. यातली फसगत अशी की सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉल, सायक्लोपाममध्ये पॅरासिटामॉल. बेरीज कुणी करत नाही.

निमेसुलाइडच्या गोळ्या घराघरांत असतात. यकृताला होणाऱ्या अपायामुळे आपल्याकडे १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून त्यावर बंदी आहे. बाकी पर्याय असताना पाळीसाठी ते घ्यायचं काही कारण मला दिसत नाही.

आणि दुसरंच एक. आषाढीला पंढरपूरला जायचंय, गड्ड्याच्या जत्रेला पाहुणे येणारेत, नवरात्रात रूपाभवानीला ओटी भरायचीय, म्हणून “पाळीची गोळी” मागायला येतात ती नॉरएथिस्टेरॉन, पाळी पुढे ढकलायची. तो हार्मोन आहे, त्यानं चालू कळ थांबत नाही. तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करावी लागते, बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. ज्यांना रक्ताची गुठळी झाली होती किंवा यकृताचा त्रास आहे, त्यांनी ती डॉक्टरांशिवाय हातात धरू नये. मेडिकलमध्ये नुसतं “पाळीची” म्हटलं की दोन्हींत घोटाळा होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वेळ कशी साधायची

पाळी घड्याळासारखी येत असेल तर आदल्या संध्याकाळी, ओटीपोट जड वाटायला लागलं की पहिली गोळी. पाळी मागेपुढे होत असेल तर पहिला डाग दिसला की लगेच. मग पुढचा दीड-दोन दिवस घड्याळ बघून घ्यायची, कळ उठायची वाट न बघता. आयब्युप्रोफेन असेल तर सकाळी न्याहारीवर आठला, दुपारच्या जेवणावर तीनला, रात्री जेवून दहाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुखणं ओसरलं असेल तर बंद. तीन दिवसांच्या वर स्वतःहून ओढायचं नाही.

“इतक्या गोळ्या!” असं आया म्हणतात. महिन्यातून दोन-तीन दिवस, ठरलेल्या मात्रेत, निरोगी मुलीनं घेतल्यानं सवय लागत नाही. रक्त आत साठत नाही. मूल होण्यात अडथळा येतो असंही नाही. मात्र मूल हवं असेल आणि प्रयत्न चालू असतील तर महिन्याच्या मधल्या दिवसांत ही औषधं रोज घेत राहू नयेत, बीज सुटण्यात ती अडथळा आणू शकतात.

पोटात काहीतरी हवं

अशोक चौकाकडून एक अक्का येतात. विड्या वळतात. मांडीवर सूप, बाजूला पानांचा ढीग, दिवसाला हजार विड्या पुऱ्या करायच्या. पहाटे मिश्री, मग चहा, चहाबरोबर गोळी, आणि थेट कामाला. “छातीत जळतंय, गॅसची गोळी द्या,” म्हणून त्या दर महिन्याला यायच्या. मी विचारलं, “अक्का, खाल्लं काय होतं?” तर हसून म्हणाल्या, “खायला बसले तर शंभर विड्या मागं पडतात की गं.” तंबाखू, काळा चहा आणि वर वेदनाशामक, तेही रिकाम्या पोटी. जळणारच. आता त्या रात्रीची अर्धी कडक भाकरी दह्यात मोडून खातात, मग गोळी घेतात. गॅसची गोळी दोन महिन्यांत मागितली नाही.

पोटभर जेवणाची गरज नाही. भाकरीचा चतकोर, दूध, केळ, पोह्यांची वाटी पुरते. शेंगाची तिखट चटणी त्या दिवशी थोडी बाजूला. उपवास असेल तर शेंगदाण्याचा लाडू किंवा भगर खाऊन घ्या. निर्जळी उपवासात या गोळ्या नकोतच. वर पूर्ण पेलाभर पाणी, आणि गिळून लगेच आडवं व्हायचं नाही.

गोळीच्या जोडीला

शेकाला कमी लेखू नका. गरम शेकानं आयब्युप्रोफेनच्या तोडीचा आराम पडल्याचं चाचण्यांत दिसलेलं आहे, आणि दोन्ही एकत्र चालतात. रबरी पिशवी नसेल तर गरम पाणी भरलेली स्टीलची बाटली आपल्या सोलापुरी टॉवेलात गुंडाळली की झालं. तो जाड टॉवेल ऊब धरूनही ठेवतो. थेट कातडीवर ठेवू नका, गोळीनं दुखणं कमी झालेलं असताना भाजलेलं कळत नाही. ओव्याचं पाणी, आल्याचा काढा बरं वाटत असेल तर खुशाल घ्या. चालणं, कंबरेचे हलके ताण हेही उपयोगी. दिवसभर एका जागी मांडी घालून बसणाऱ्यांनी दर तासाला उठून चार पावलं टाकावीत.

तीन पाळ्यांची वही

कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहिलं तरी चालेल. पहिला डाग किती वाजता, गोळी किती वाजता, कोणती, किती मिलिग्रॅम, दुखणं दहापैकी किती होतं आणि तासाभरानं किती उरलं, कामाला किंवा कॉलेजला गेला का. एक औषध बरोबर वेळी, पूर्ण मात्रेत, दोन-तीन पाळ्या वापरून बघा. नाही लागू पडलं तर त्याच कुळातलं दुसरं एक बघा. दोन्ही एकत्र मात्र घेऊ नका, त्यानं आराम वाढत नाही, जठराचा त्रास तेवढा वाढतो.

तीन पाळ्या नीट गोळी घेऊनही दहातले सहा-सात उरत असतील, तर तिसऱ्या ब्रँडच्या मागे लागू नका. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. खासगीत परवडत नसेल तर सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, स्त्रीरोग विभाग आहे. लग्न न झालेल्या मुलींना आया तिथे न्यायला घाबरतात, “आतून तपासतील” म्हणून. पोटावरून सोनोग्राफी होते, आतल्या तपासणीला नाही म्हणता येतं, आणि पुष्कळदा नुसत्या बोलण्यावरूनच डॉक्टरांना अंदाज येतो. हार्मोनच्या गोळ्या लिहिल्या तर “कुटुंबनियोजनाच्या गोळ्या माझ्या मुलीला कशाला?” असं म्हणू नका. त्या अस्तर पातळ ठेवतात, प्रोस्टाग्लँडिन कमी बनतात. अर्धशिशीत डोळ्यांपुढे रेघा-ठिपके येत असतील, घरात कुणाला रक्ताची गुठळी झाली असेल, तर ते मात्र आधी सांगा.

थांबायचंच नाही अशा गोष्टी: तासाला एक पॅड भिजून दोन-तीन तास तसंच चालणं, चक्कर येऊन पडणं, तापाबरोबर ओटीपोटात दुखणं आणि घाण वासाचा स्राव, गोळीनंतर धाप लागणं किंवा ओठ सुजणं, रक्ताची उलटी, काळं शौच. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.

जाताना वही घ्या आणि घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत टाका, कापलेल्या सुद्धा. मागच्या महिन्यात एका मुलीनं अशी पिशवी डॉक्टरांपुढे ओतली होती, नंतर येऊन मला सांगत होती. अकरा तुकडे निघाले, त्यांतल्या सातांवर नावच नव्हतं.